नाट्यपदकार देवल

गोविंद बल्लाळ देवल (१३ नोव्हेंबर १८५५ – १४ जून १९१६) हे मराठी संगीत रंगभूमीच्या पहिल्या पिढीतले नाटककार, तालीममास्तर आणि पदकार. सुमारे तीस वर्षांत त्यांनी सात नाटके लिहिली: 'दुर्गा', 'मृच्छकटिक', 'विक्रमोर्वशीय', 'झुंजारराव', 'शापसंभ्रम', 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ'. त्यांतले स्वतंत्र कथानकाचे नाटक एकच, 'शारदा'. बाकीच्यांपैकी तीन संस्कृतावरून आलेली आहेत आणि तीन इंग्रजीवरून. वाङ्मयाच्या इतिहासात देवलांची गणना नाटककारांत होते. पदांचा विषय शेवटच्या परिच्छेदात, 'पदे सोपी व प्रासादिक' एवढ्या शेऱ्यावर उरकला जातो. हा क्रम उलटा लावला पाहिजे. सातांपैकी सहा नाटकांची गोष्ट दुसऱ्याची आहे. देवलांचे खास स्वतःचे जे आहे ते त्यांच्या मराठीत आहे, आणि त्या मराठीची खरी कसोटी पदांत लागली. पद हे संवादाचेच पुढचे पाऊल आहे, बोलता बोलता माणूस जिथे गाऊ लागेल तिथेच ते यावे, ही समज त्यांच्याइतकी पक्की मराठी रंगभूमीवर क्वचितच कुणाची होती.

देवलांचा जन्म सांगलीजवळच्या हरिपूरचा. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव संगमेश्वराच्या देवळासाठी आणि हळदीच्या पेवांसाठी ओळखले जाते. कृष्णेकाठच्या पारावर बसून देवलांनी 'शारदा' लिहिले, असे हरिपुरात आजही सांगतात. पदकार घडायला सांगलीइतकी सोयीची जागा त्या काळात दुसरी नव्हती, कारण देवलांच्या जन्माआधी बारा वर्षे मराठी नाटक इथेच जन्माला आले होते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना तसेच खेळ मराठीत बसवायला सांगितले आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झाले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याचीच आठवण आहे.

भाव्यांच्या या खेळात लिहिलेले असे जे काही होते ते बहुतेक पद्यच होते. सूत्रधाराने गाऊन आख्यान पुढे न्यायचे आणि पात्रांनी त्याला धरून ऐनवेळी सुचेल ते बोलायचे, अशी त्याची रीत होती. संवाद हवेत विरून गेले. पद्ये तेवढी राहिली आणि १८८५ मध्ये 'नाट्यकवितासंग्रह' म्हणून छापली गेली. म्हणजे मराठी रंगभूमीवरचा पहिला लेखक हा आधी पदकार होता. मात्र त्याच्या पदाला बोलणारे तोंड नव्हते. सीतेचे दुःख सूत्रधार सांगे, सीता उभी राहून ऐके. पद पात्राच्या तोंडी जाणे ही पुढची पायरी होती, आणि ती बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी गाठली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले तेव्हा शकुंतला स्वतः गायली, दुष्यंत स्वतः गायला. कालिदासाच्या श्लोकांची पदे झाली. त्यांची संख्या शंभराच्या पुढे होती.

अण्णासाहेब हे देवलांचे बेळगावच्या शाळेतले शिक्षक. देवलांनीही काही काळ शिक्षकी केली, आर्योद्धारक नाटक मंडळीत गद्य नाटकांचा अनुभव घेतला आणि मग ते किर्लोस्कर मंडळीच्या कामात ओढले गेले. या दोन्ही शाळांचा उपयोग पुढे दिसतो. गद्य नाटकांतून त्यांना बोलण्याची लय मिळाली, किर्लोस्करांकडून पदाची जागा. अण्णासाहेब १८८५ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या मागे दोन गाजलेली नाटके, एक अपुरे नाटक आणि संगीताची चटक लागलेला प्रेक्षक होता. तो प्रेक्षक टिकवून धरण्याचे काम जवळजवळ एकट्या देवलांवर पडले.

त्या वेळच्या छापील नाटकाचे पुस्तक उघडले की पदकाराच्या कामाची कल्पना येते. संवाद चाललेला असतो, मध्येच 'पद' असा शब्द, त्याखाली चाल कुठली ते लिहिलेले. चाल म्हणजे लोकांच्या कानात आधीपासून असलेले एखादे गाणे: कीर्तनातले, लावणीतले, कानडी पदातले, पारशी नाटकातले, कधी घरात बायका म्हणतात त्यातले. शिवाय साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीत असे बांधीव प्रकार. दिंडीचीच घडण पाहावी. तिच्या चरणात एकोणीस मात्रा, त्या नऊ आणि दहा अशा तुटलेल्या. नवव्या मात्रेवर श्वास घ्यायला जागा असते. देवलांच्या दिंडीत ती श्वासाची जागा आणि वाक्यातल्या अर्थाची जागा सहसा एकच असते, त्यामुळे नटाला शब्द तोडावा लागत नाही आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला अर्थ जुळवत बसावे लागत नाही. तेलाच्या किंवा गॅसच्या दिव्यांच्या उजेडात, ध्वनिवर्धक नसताना, शेकडो माणसांपुढे पहाटेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगात हा गुण शोभेचा नसून निकडीचा होता. प्रासादिकता म्हणून ज्याची स्तुती होते तो मूळचा व्यवहार आहे: एकदाच कानावर पडणारा शब्द तेव्हाच कळला पाहिजे.

पदकार म्हणून देवलांची वाढ तीन टप्प्यांत झाली. पहिला टप्पा संस्कृत नाटकांचा. 'विक्रमोर्वशीय' आणि 'मृच्छकटिक' यांत पदांच्या जागा मूळ कवीनेच श्लोक घालून ठरवून दिल्या होत्या. देवलांनी त्या मराठी गळ्यासाठी नव्याने भरायच्या होत्या. काम वाटते तितके सोपे नाही. संस्कृत श्लोक समासाने आटोपतो, मराठी पदाला क्रियापद लागते. शूद्रकाचा चारुदत्त दारिद्र्यावर एकामागून एक श्लोक म्हणतो, शर्विलक भिंतीला भोक पाडताना जानव्याने माप घेतो आणि चोरीचेही शास्त्र सांगतो, वसंतसेना भर पावसात प्रियकराच्या घरी निघते. हे सगळे मराठीत आणताना ब्राह्मण चोराने चोरासारखे आणि गणिकेने गणिकेसारखे बोलले पाहिजे. कालिदासापेक्षा शूद्रक देवलांना जास्त मानवला, याचे कारण इथेच आहे. त्यात जुगारी, शिपाई, दासी, गाडीवान अशी रस्त्यावरची माणसे होती, आणि देवलांचा कान रस्त्यावरचा होता.

दुसरा टप्पा 'शापसंभ्रम' (१८९३). याचा आधार बाणभट्टाची 'कादंबरी', म्हणजे गद्य. इथे श्लोक तयार नव्हते. पानभर लांबीच्या वाक्यांच्या त्या अरण्यात महाश्वेता आणि पुंडरीक यांच्या कथेतला कुठला क्षण गाण्यासारखा आहे, हे देवलांना प्रथमच स्वतः ठरवावे लागले. पदाची जागा हेरणे हे पद लिहिण्याहून अवघड काम असते आणि त्याचा सराव त्यांना या नाटकाने दिला. नाटक म्हणून 'शापसंभ्रम' आज कुणी करत नाही. पण 'शारदा'कडे जाणारी वाट त्यातूनच गेली.

तिसरा टप्पा अर्थात 'शारदा', १८९९. कांचनभट हा पैशाचा लोभी बाप आपली लहान मुलगी भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो, आई इंदिराकाकू तळमळते पण तिचे काही चालत नाही. कोदंड नावाचा तरुण, वर आणि वधू सगोत्र असल्याचे उघड करून, मांडवातच लग्न थांबवतो. अर्धवट लग्न झालेल्या मुलीला आता कोण पत्करणार, म्हणून शारदा जीव द्यायला नदीकडे जाते. कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने तिच्याशी लग्न करतो. संगीत नाटकात तोपर्यंत राजे, ऋषी, अप्सरा आणि यादव गात होते. 'शारदा'त प्रथमच शेजारच्या वाड्यातली माणसे गाऊ लागली.

हा बदल फक्त विषयाचा नव्हता, पदकाराच्या पुढे त्याने एक नवाच प्रश्न उभा केला. शकुंतला गाते तेव्हा प्रेक्षक शंका घेत नाही. तपोवन, हरिणे, दुर्वासाचा शाप हे सगळे आधीच रोजच्या जगापलीकडचे आहे. पण कृष्णाकाठच्या भिक्षुकाची मुलगी मराठी घरात, पाण्याची घागर बाजूला ठेवून गाऊ लागली तर ते खरे का वाटावे? देवलांनी याचे उत्तर भाषेत शोधले. त्यांनी शारदेला आणि तिच्या मैत्रिणींना तेच शब्द दिले जे त्या वयाच्या मुली विहिरीवर, मंगळागौरीला, भोंडल्यात वापरत असतील. म्हाताऱ्या नवऱ्याच्या वयावरून मैत्रीण चिडवते ते पद याचा उत्तम नमुना आहे. ती कुठेही 'हा अन्याय आहे' असे म्हणत नाही. उलट नवरा अजून तसा म्हातारा झालेलाच नाही असा आव आणून त्याच्या दातांचा, केसांचा, चालण्याचा हिशोब मांडत जाते, आणि प्रत्येक कडव्यागणिक ऐकणाऱ्याच्या हसण्यात कढ मिसळत जातो. मुली एकमेकींना चिडवतात त्याच सुरात ते रचले आहे, म्हणून ते गाणे असूनही बोलणे वाटते. त्याच नाटकात शारदेच्या भीतीचे पद आहे. चिडवणे संपून प्रसंग अंगावर आल्यावरची ती भीती आहे, आणि तिथे भाषा एकदम उतरते: शब्द मोजके, उपमा जवळजवळ नाहीत. एकाच मुलीच्या भोवती इतक्या वेगळ्या वजनाची दोन पदे ठेवणे हे नुसत्या कवीचे काम नव्हे. त्यासाठी प्रसंगाचा चढउतार डोळ्यांसमोर दिसावा लागतो.

'शारदा'चा सामाजिक परिणाम मोठा झाला हे सर्वमान्य आहे. पण तो कशामुळे झाला हे नीट सांगितले जात नाही. जरठ-बाला विवाहाविरुद्ध बोलणारे देवल पहिले नव्हेत. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला होता, त्यावरून पुण्यात मोठे रण माजले होते. शेजारच्या म्हैसूर संस्थानाने तर १८९४ मध्येच पन्नाशीपुढच्या पुरुषाने चौदा वर्षांखालच्या मुलीशी लग्न करण्याला कायद्याने बंदी घातली होती. निबंध, व्याख्याने, वर्तमानपत्रे यांत वाद भरपूर झाला होता. पण तो पुरुषांचा आपापसातला वाद होता. देवलांनी ज्या मुलीविषयी वाद चालला होता तिलाच गायला लावले, आणि ती पदे प्रयोग संपल्यावर घरोघर गेली. माजघरात, पाळण्यावर, जात्यावर ती म्हटली गेली. निबंध जिथे पोचत नव्हता तिथे पद पोचले. पुढे १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा झाला, मुलीचे किमान वय चौदा ठरले, आणि तो 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जाऊ लागला. हे नाव राजस्थानचे हरबिलास सारडा यांच्यावरून पडले आहे, देवलांच्या नायिकेशी त्याचा संबंध नाही. तरीही अनेक मराठी घरांत तो कायदा नाटकामुळेच आला अशी समजूत वर्षानुवर्षे राहिली. समजूत चुकीची आहे, पण नाटक किती खोल गेले होते याचा तो पुरावा आहे.

देवलांच्या पदकारितेचा विचार त्यांच्या गद्य नाटकांशिवाय पुरा होत नाही. शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'वरून केलेले 'झुंजारराव' (१८९०) गाजले ते शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या रंगमंचावर. शाहूनगर म्हणजे सातारा. गणपतराव जोशी यांच्यासारखा नट असलेली ही मंडळी गद्य नाटकांसाठी नावाजलेली होती, आणि त्यांचा झुंजारराव ही भूमिका तिच्या वैभवाचा भाग होती. संगीताचा बाजार तेजीत असताना ज्याच्या हातात पदाची कला होती त्या लेखकाने ऑथेल्लोचा संशय गद्यातच ठेवला, याचे महत्त्व थोडे नाही. मत्सराने पिंजलेला माणूस गाऊ लागला तर त्याचा संताप सुटा होतो, ताण सैल पडतो. पद कुठे नको हे ज्याला कळते त्याच्याच पदांना वजन येते. सातारच्या मंडळीसाठी गद्य आणि किर्लोस्कर मंडळीसाठी संगीत, असे दोन्हीकडे लिहिणारा एवढा समर्थ लेखक त्या पिढीत दुसरा सापडत नाही.

या समजेचे मूळ तालमीत आहे. देवल नुसते नाटक लिहून मंडळीच्या हवाली करत नसत. नटाला वाक्य कसे टाकायचे, कुठे थांबायचे, कुणाकडे पाहायचे हे ते शिकवत. गणपतराव बोडस आणि १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेले नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व, हे दोघेही त्यांच्या तालमीत तयार झाले. राजहंस घराणे कृष्णेकाठच्याच नागठाण्याचे. बालगंधर्वांच्या गळ्याचे गुणगान फार झाले. त्यांच्या गाण्यातला शब्द जो इतका स्पष्ट आणि इतका भावाला धरून येई, त्यात देवलांच्या शिकवणीचा वाटा मोठा होता. पदकार स्वतः तालीम घेत असेल तर त्याच्या लेखणीला एक शिस्त आपोआप लागते. नटाच्या तोंडात अडखळणारा शब्द दुसऱ्या दिवशी बदलावाच लागतो.

या साऱ्या अनुभवाचा शेवटचा आविष्कार 'संशयकल्लोळ'. मोलियरच्या एका छोट्या प्रहसनावरून आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने अठराव्या शतकात एक सुखात्मिका केली होती. तिच्यावरून देवलांनी १८९३ च्या सुमारास 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक रचले. रस्त्यात चक्कर येऊन पडलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते; रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, ती फाल्गुनराव पाहतो; आणि एका तसबिरीपायी चार माणसांची झोप उडते. पात्रांची नावे महिन्यांची आणि नक्षत्रांची: फाल्गुन, आश्विन, वैशाख, कृत्तिका, रेवती, मघा, आणि नोकर भादव्या. फ्रान्समधून इंग्लंडमार्गे आलेल्या कथेला पंचांगातली नावे देऊन देवलांनी ती अशी मराठी केली की उसनेपणाची खूण शोधूनही सापडू नये.

गंधर्व नाटक मंडळीसाठी १९१६ मध्ये या गद्य नाटकात पदे घालायची ठरली. तयार विनोदी नाटकात गाणी भरणे म्हणजे धावत्या गाडीला मध्येच दावे बांधणे. गंमत थांबते आणि गाणे आगंतुक वाटते. देवलांनी पदांचा भार मुख्यतः अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमिकांवर टाकला. संशयाने पछाडलेल्या फाल्गुनरावाला बोलते ठेवले, आणि बोडसांनी ती भूमिका गाजवली. ज्यांचे प्रेम खरे आहे ते गातात आणि ज्यांना संशयाने ग्रासले आहे ते तडातडा बोलतात, अशी ही विभागणी झाली. 'झुंजारराव'मध्ये जे तत्त्व शोकांतिकेला लावले होते तेच इथे सुखान्तिकेला लावले आहे. त्याच वर्षी १४ जूनला देवल वारले. 'संशयकल्लोळ' आजही रंगमंचावर येते, आणि त्यातली एक ओळही समजावून सांगावी लागत नाही.

देवलांच्या हयातीतच पदरचनेचा प्रवाह बदलला होता. बदल घडवणारा लेखकही सांगलीचाच. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) हे टिळकांचे सहकारी, 'केसरी'चे संपादक आणि 'कीचकवध' या जप्त झालेल्या नाटकाचे कर्ते. १९११ मध्ये त्यांचे 'मानापमान' किर्लोस्कर मंडळीने केले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या आणि त्या चालींत खाडिलकरांनी शब्द बसवले. १९१६ मध्ये 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखल्यांनी अस्सल ख्यालाच्या बंदिशी पुढे ठेवल्या. त्या काळी या मुलखाला स्वरांचे वेडच लागले होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढले, साताऱ्यात न्यायाधीश असलेले ई. क्लेमंट्स त्याच विषयाच्या मागे लागले, मिरजेत तंबोरे आणि सतारी घडत होत्या. नाटकाचा तोल शब्दांकडून स्वरांकडे झुकायला वातावरण तयार होते.

चाल आधी, शब्द मागून, या पद्धतीला सरसकट दोष देणे बरोबर नाही. किर्लोस्कर आणि देवलही आधीच्या चालींवरच लिहीत. फरक आहे तो चाल कोण निवडतो यात. देवल आपल्या आठवणीतल्या शेकडो चालींतून प्रसंगाला शोभेल ती उचलत. निवड नाटककाराची असे. 'मानापमान'पासून ती संगीतकाराकडे गेली. चालीतली तान जिथे आहे तिथे 'आ'कार हवा, सम जिथे आहे तिथे जोरकस अक्षर हवे, अशा अटींत खाडिलकरांना शब्द रचावे लागले. गायकाला त्यांनी मोकळे स्वर दिले आणि बालगंधर्वांनी त्यांचे सोने केले, हे मान्य करायलाच हवे. पण अन्वय लावल्याशिवाय त्यांची कित्येक पदे उमगत नाहीत. गद्य संवादांत सिंहासारखी गर्जणारी त्यांची लेखणी पदांत वाकून चालते. श्रोता अर्थ सोडून सुरांवर मान डोलवायला शिकला तो इथपासून. वन्समोर वाढले, नाटक लांबले, पद प्रसंगातून सुटून मैफलीकडे निघाले.

हाच प्रश्न पाश्चात्त्य संगीत रंगभूमीवरही आलेला दिसतो. लंडनमध्ये गिल्बर्ट शब्द लिहून देई आणि सलिव्हन त्यांना चाल लावी. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड रॉजर्स हा संगीतकार लॉरेन्झ हार्टबरोबर असताना आधी चाल बांधी. ऑस्कर हॅमरस्टाइन जोडीला आल्यावर क्रम फिरला आणि १९४३ च्या 'ओक्लाहोमा'पासून गाणे कथेत मिसळून गेले. तिकडे गीतकार हा पुष्कळदा वेगळा व्यावसायिक असतो. मराठीत ती जागा नाटककाराकडेच राहिली. वेगळा पदकार आला तो बहुधा अडचणीपोटी. 'एकच प्याला' लिहून राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पदे वि. सी. गुर्जरांना लिहावी लागली. १९६८ च्या 'हे बंध रेशमाचे' या रणजित देसाईंच्या नाटकाची पदे शांता शेळके यांची. पण सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे वसंत कानेटकर यांनी १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा'ची पदे स्वतःच लिहिली, आणि जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपदाला आटोपशीर केले तेव्हा शब्दाला पुन्हा थोडी जागा मिळाली. कानेटकरांची भाषा देवलांची नाही, ती अधिक काव्यमय आहे. मात्र पद पात्राच्या मनःस्थितीतून उगवले पाहिजे हा धडा देवलांचाच आहे.

देवलांच्या यशाकडे पाहताना त्याच नदीकाठचा आणखी एक पदकार विसरून चालणार नाही. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, हे १८६६ चे. देवलांपेक्षा अकरा वर्षांनी लहान. गण, गौळण, लावणी, वग हे सगळे संगीत नाटकच आहे, फक्त त्याचा मांडव वेगळा. कुलकर्णीपण आणि घरदार सोडून ते तमाशात गेले, पवळा हिवरगावकर यांच्याबरोबर फड गाजवला आणि त्यासाठी जातीचा रोष पत्करला. प्रसंग ओळखणे, बोली जाणणे, समोरच्या माणसाला पहिल्या फटक्यात भिडणे, हे गुण दोघांतही सारखेच होते. एकाची पदे चालींसह छापली गेली आणि शाळा-कॉलेजांत शिकवली गेली. दुसऱ्याच्या हजारो रचना फडातल्या स्मरणावर राहिल्या आणि पुष्कळ हरवल्या. गुणांत फार अंतर नव्हते. अंतर होते ते प्रेक्षकांच्या प्रतिष्ठेचे, आणि वाङ्मयाच्या इतिहासाने ते निमूटपणे स्वीकारले.

आज सांगलीत देवलांच्या नावाचे स्मारक मंदिर आहे, भाव्यांच्या नावाचे नाट्यमंदिर आणि गौरवपदक आहे. देवलांची पदे मात्र बहुतेकांच्या कानावर पडतात ती नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात, एकामागून एक, निवेदकाच्या दोन ओळींनंतर. तिथे शारदेची भीती आणि रेवतीचा आनंद शेजारी शेजारी बसतात आणि दोन्हीला सारखीच टाळी मिळते. गायकाचा यात दोष नाही. पण देवलांनी ही पदे ज्या संवादाच्या टोकावर ठेवली होती तो संवाद तिथे नसतो. म्हणून नाट्यसंगीतावर प्रेम करणाऱ्या रसिकांना एवढेच सांगावेसे वाटते: आवडीचे पद पुन्हा ऐकण्याआधी 'शारदा' किंवा 'संशयकल्लोळ'चे पुस्तक उघडावे, त्या पदाच्या मागची दोन पाने मोठ्याने वाचावीत, आणि वाचता वाचता जिथे पद येते तिथेच ते गाणे लावावे.